पिकअपची पुढची चाकं तापतात, ब्रेक लागून राहतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

द्राक्ष आणि टोमॅटोच्या हंगामात नाशिक जिल्ह्यातल्या पिकअप गाड्यांना उसंत नसते. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत इथून माल भरायचा आणि पहाटेच्या आत वाशी गाठायची. अशा धावपळीत पुढच्या चाकातून जळका वास आला की बहुतेक वेळा एकच सल्ला मिळतो, कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) बदला. कधी तो बरोबर निघतो, पण पुष्कळदा नवा कॅलिपर टाकूनही आठवड्यात तेच चाक पुन्हा तापतं, कारण दोष तिथे नसतोच. म्हणून या पानावर भर आहे तो दोष शोधण्यावर. ब्रेक लागून राहतो तेव्हा दाब कुठेतरी अडकलेला असतो किंवा एखादा भाग जागेवर चिकटलेला असतो. यातलं काय झालंय ते गाडी गरम आणि चाक जाम असतानाच कळतं.

पुढची चाकं थोडी तापणारच ना? मग जास्त तापली हे कसं ठरवायचं?

तापणारच. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे झुकतं, त्यामुळे पुढच्या ब्रेकवर मागच्यापेक्षा जास्त काम पडतं. गर्दीच्या वेळी द्वारका चौक पार करून आलेल्या भरल्या गाडीच्या डिस्कला हात लावाल तर चटका बसेल, आणि त्यात बिघाड काही नाही.

खरी परीक्षा सपाट, मोकळ्या रस्त्यावर होते. सकाळी लवकर आडगावकडून ओझरच्या दिशेने आठ-दहा किलोमीटर चालवा, ब्रेक शक्य तितका कमी वापरा आणि शेवटी जागा पाहून गाडी हळूहळू आपोआप थांबू द्या. उतरून चारही चाकांच्या रिमजवळ तळहात न्या, पण टेकवू नका. ब्रेक जवळपास वापरलाच नसताना एखाद्या चाकातून धग येत असेल, तर ते चाक ओढतंय. डाव्या-उजव्या चाकांत ठळक फरक असेल, तर नेमक्या तापमानाचा आकडा माहीत नसला तरी चालतं. हा फरकच सगळ्यात बोलका असतो.

चालवताना काय लक्षणं दिसतात?

गाडी एका बाजूला ओढते. ब्रेक न मारताही ओढत असेल तर त्या बाजूचा ब्रेक लागून राहिलाय. फक्त ब्रेक मारल्यावर ओढत असेल तर गोष्ट वेगळी आहे, ती पुढे सांगितली आहे. गाडी वेग घेत नाही, एक गिअर खाली टाकून चालवावं लागतं, डिझेलचा ॲव्हरेज पडतो. न्यूट्रलला पुढे सरकायला हवी ती गाडी लगेच थांबते. पेडल कडक आणि वर आलेलं वाटतं. रिमवर एकाच बाजूला काळी धूळ जास्त साचते. वास सगळ्यात शेवटी येतो, आणि वास येईपर्यंत बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं.

रस्त्यातच वास आणि धूर आला. आधी काय करू?

गाडी कडेला, सपाट जागी घ्या. वाळलेलं गवत किंवा पाचट असेल तिथे उभी करू नका. चाकासमोर किंवा बाजूला वाकून बघत बसू नका, कारण फार तापलेल्या रिममुळे टायर फुटू शकतो. मागच्या चाकांना दगड लावा.

पाणी ओतू नका. हे मोठ्या अक्षरात लिहावंसं वाटतं, कारण ढाब्यावर थांबलं की कुणीतरी बादली घेऊन धावतंच. लालबुंद किंवा अतिशय तापलेल्या बिडाच्या डिस्कवर गार पाणी पडलं की ती तडकू शकते, वाकडी होऊ शकते. ज्वाळा दिसत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा अग्निशामक वापरा, लांब राहा.

आग नसेल आणि मिस्त्री जवळ असेल, तर गाडी पूर्ण थंड होण्याची वाट न पाहता त्याला बोलवा. कारण पुढच्याच प्रश्नात आहे.

सकाळी गाडी एकदम मोकळी असते, पंधरा-वीस किलोमीटरवर जाम होते, थांबून चहा घेतला की पुन्हा नीट चालते. हे काय?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि याचं उत्तर कळलं की अर्धं निदान हातात येतं.

पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या मास्टर सिलेंडरमध्ये एक बारीक भोक असतं. पेडल पूर्ण सुटलं की ते उघडतं आणि पाइपमधल्या ब्रेक ऑइलला वरच्या डबीत परत जायला वाट मिळते. ब्रेक वापरला की ऑइल तापतं, तापलं की फुगतं, आणि वाढलेलं ऑइल याच भोकातून डबीत जातं. पण पेडल किंवा त्याचा दांडा मास्टरच्या पिस्टनला किंचित पुढे दाबून ठेवत असेल, अगदी एखादा मिलिमीटर, तर ते भोक झाकलं जातं. आता फुगलेल्या ऑइलला बाहेर जायला जागा नाही. दाब वाढतो, पॅड डिस्कला घासतात, घासण्याने आणखी उष्णता, त्याने ऑइल आणखी फुगतं, दाब आणखी वाढतो. गाडी स्वतःच स्वतःचा ब्रेक दाबत जाते. चहाला थांबलात की ऑइल गार होऊन आकसतं, दाब उतरतो आणि चाक सुटतं.

म्हणूनच गाडी गॅरेजपर्यंत पोहोचते तेव्हा तिथे काहीच सापडत नाही. मिस्त्री चाक फिरवून दाखवतो, "बघा, मोकळं आहे." त्याचं खोटं नसतं. त्याला गाडी गरम करून दाखवायला हवी.

एकच चाक तापतं की दोन्ही, यावरून काही कळतं का?

बरंच कळतं. दोन्ही पुढची चाकं सारखी तापत असतील तर दोष दोघांना सामाईक जागी शोधा, म्हणजे पेडल, ब्रेक लाइटचा स्विच, बूस्टर (व्हॅक्यूमवर पायाचा जोर वाढवणारा भाग), मास्टर सिलेंडर. मागचे ब्रेक नीट काम करत नसल्याने सगळा भार पुढे आलाय का, हेही पाहा.

एकच चाक तापत असेल तर त्या बाजूचा होज पाइप (कॅलिपरकडे जाणारा रबरी पाइप), कॅलिपरचा पिस्टन, गाइड पिन (जिच्यावर कॅलिपर सरकतो ती) किंवा पॅड.

इथे एक फसगत फार होते. तापलेलं चाक बिघडलेलं असेलच असं नाही. समजा डाव्या कॅलिपरचा पिस्टन गंजून जागेवर बसला आणि दाबतच नाही. मग थांबवण्याचं सगळं काम उजवं चाक करतं आणि तेच तापतं. आपण उजवा कॅलिपर बदलतो, दोष डावीकडे तसाच राहतो. अशा वेळी गाडी ब्रेक मारल्यावरच गरम चाकाच्या बाजूला ओढते आणि जॅकवर घेतलं की गरम चाक मोकळं फिरतं. जाम असलेल्या आणि जादा काम करणाऱ्या चाकातला फरक एवढ्यावरून उघड होतो. मग संशय गार चाकावर घ्यायचा.

दोष नेमका कुठे आहे ते क्रमाने कसं शोधायचं?

यासाठी चाक गरम आणि जाम असायला हवं. गाडी सपाट जागी, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, पुढून जॅक आणि जॅकच्या भरवशावर न राहता खाली स्टँड. चाक हाताने फिरवून पाहा. जोर लावूनही फिरत नसेल तर सुरुवात करा.

बहुतेक जण सगळ्यात आधी कॅलिपरचा निपल (हवा काढायचा स्क्रू) उघडतात. तिथेच पुरावा जातो. निपल उघडला की दाब कुठेही अडकलेला असो, सुटतो, आणि तो वर मास्टरमध्ये अडकला होता की खाली होजमध्ये, हे कळायचा मार्ग उरत नाही. म्हणून वरून खाली या आणि प्रत्येक पायरीनंतर चाक फिरवून पाहा.

पहिल्यांदा इंजिन बंद करून पेडल पाच-सहा वेळा दाबा, म्हणजे बूस्टरमधला व्हॅक्यूम संपेल. पाय काढल्यावर चाक सुटलं तर बूस्टर आतून अडकतोय, पाय काढला तरी तो दाबून धरतोय.

सुटलं नाही, तर मास्टर सिलेंडर बूस्टरला जोडणारे नट दोन-तीन मिलिमीटर सैल करा, मास्टर जरासा पुढे येऊ द्या. चाक सुटलं तर बूस्टरचा दांडा लांब आहे किंवा पेडल पूर्ण मागे येत नाही. मास्टर आणि कॅलिपर दोन्ही निर्दोष. इथे एकही पार्ट न बदलता, नुसत्या सेटिंगवर काम होऊ शकतं.

तरीही जाम असेल, तर मास्टरमधून पुढच्या चाकांकडे जाणाऱ्या पाइपचा नट किंचित ढिला करा. ऑइलची चिळकांडी येऊन चाक सुटलं, तर मास्टरचं परतीचं भोक बुजलंय किंवा आतली रबरं फुगली आहेत.

इथेही सुटलं नाही, तर आता कॅलिपरचा निपल उघडा. आता सुटलं म्हणजे दाब मधल्या वाटेत अडकला होता, आणि ती वाट म्हणजे जवळजवळ नेहमी रबरी होज पाइप.

निपल उघडूनही चाक जाम असेल, तर हे दाबाचं दुखणं नाही. पिस्टन, पिन किंवा पॅड जागेवर चिकटले आहेत.

दोन गोष्टी सांभाळा. गरम ऑइल डोळ्यात जाऊ शकतं, चष्मा लावा, आणि रंगावर पडलं तर लगेच पाण्याने धुवा, ते रंग खातं. पाइप किंवा निपल उघडल्यावर हवा काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर न्यायची नाही. गॅरेजच्या दारातून चौकापर्यंतसुद्धा नाही.

होज पाइप बाहेरून चांगला दिसतो. तरी तो कसा खराब?

होजला आतून एक वेगळं अस्तर असतं. वर्षं गेली की ते फुगतं किंवा सुटून त्याचा पापुद्रा निघतो. पाय दाबतो तेव्हा दाब भरपूर असतो, ऑइल पापुद्रा बाजूला सारून कॅलिपरकडे जातं. परत येताना त्याला ढकलणारं फारसं काही नसतं, मग पापुद्रा झडपेसारखा वाट बंद करतो. बाहेर एक चीरही नसते.

दुसरं कारण लोखंडी क्लॅम्प. होज जिथे चेसिसला पट्टीने धरलेला असतो तिथे पट्टीच्या आत गंज साचतो आणि तो होजला चिमटतो. इगतपुरी-घोटी भागातल्या पावसात वर्षानुवर्षं फिरलेल्या गाडीत ही जागा जरूर पाहा.

काम करताना कॅलिपर होजला लोंबकळत ठेवायचा नाही, तारेने बांधायचा. पक्कडीने होज आवळून ऑइल थांबवायची सवयही वाईट, आतलं अस्तर तिथेच चिरडतं. होज बदलायचे तर दोन्ही बाजूंचे एकदम बदला, वय दोघांचं सारखंच असतं.

कॅलिपरमध्ये काय अडकतं?

डिस्क ब्रेकमध्ये पिस्टन मागे ओढणारी स्प्रिंग नसते. पिस्टनभोवतीचं चौकोनी काटछेदाचं रबरी सील ब्रेक मारताना किंचित पिळतं आणि पाय सुटला की मूळ आकारात येताना पिस्टनला मिलिमीटरच्या एका अंशाने मागे घेतं. एवढीच त्याची ताकद. पिस्टनवर गंज चढला, धुळीचं रबर फाटून आत चिखल गेला किंवा सील कडक झालं की ती ताकद पुरत नाही.

गाइड पिनचं दुखणं याहून जास्त आढळतं आणि त्याला खर्चही कमी येतो. कॅलिपर या पिनांवर सरकतो. पिन सुकल्या की पिस्टनच्या बाजूचा आतला पॅड घासत राहतो. म्हणून काढलेले पॅड फेकू नका, शेजारी मांडून बघा. आतला बारीक आणि बाहेरचा जाड असेल तर पिन पाहा. एकच पॅड तिरका झिजला असेल तर एक पिन किंवा पॅडची बसण्याची जागा अडकलीय. एका चाकाचे दोन्ही पॅड सारखेच पण दुसऱ्या चाकापेक्षा खूप जास्त झिजले असतील तर पिस्टन किंवा होज.

पिनला सिलिकॉनचं किंवा ब्रेकसाठीचं खास ग्रीस लावा. बेरिंगचं साधं ग्रीस लावलं की रबर फुगतं आणि पिन पहिल्यापेक्षा घट्ट बसते. पिस्टन गुळगुळीत असेल तर सील किटवर काम भागतं. त्यावर खड्डे पडले असतील तर पॉलिश पेपर मारून पुन्हा बसवू नका, पिस्टन किंवा पूर्ण कॅलिपर बदला.

पेडलला थोडी ढिलाई हवी म्हणतात. ती का?

हाताने पेडल दाबलं तर पहिले काही मिलिमीटर सहज, जोर न लावता जायला हवेत. ती ढिलाई नसेल तर मास्टरचं परतीचं भोक झाकलेलं राहण्याची शक्यता मोठी. किती हवी ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं.

ब्रेक लाइटचा स्विच बदलला की तो पेडलला टेकवून जरा जास्त आत बसवला जातो आणि पेडल पूर्ण मागे येऊ शकत नाही. चाक तापण्याचं हे कारण इतकं किरकोळ आहे की कुणी तिकडे बघत नाही. मागून कुणाला तरी बघायला सांगा, पाय काढल्यावरही ब्रेक लाइट पेटलेला राहतो का? पायाखालची जाड मॅट पेडलमागे अडकते का तेही बघा. पेडलचा बुश गंजला असेल तरी पेडल संथ परततं.

ब्रेक ऑइलचा चाक तापण्याशी काय संबंध?

दोन संबंध, दोन्ही गंभीर.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. ताज्या डॉट ३ ऑइलचा उकळबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस आणि डॉट ४ चा २३० अंश असतो. ओल शिरल्यावर हेच किमान आकडे १४० आणि १५५ अंशांवर येतात. चाक जाम होऊन तापलं आणि ऑइल जुनं असलं, तर कॅलिपरमध्ये ते उकळतं, वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पेडल थेट खाली जातं. गाडी गार झाल्यावर पेडल परत येतं म्हणून बिघाड गेला असं समजू नका. दर दोन वर्षांनी ऑइल बदलणं हा मला या पानावरचा सगळ्यात स्वस्त उपाय वाटतो.

दुसरा संबंध चुकीच्या तेलाचा. डबीत कमी दिसलं म्हणून कुणी पॉवर स्टिअरिंगचं किंवा इंजिनचं तेल ओतलं तर ब्रेकमधली सगळी रबरं फुगतात. फुगलेलं रबर मास्टरचं भोक बंद करतं आणि चारही चाकं हळूहळू जाम होऊ लागतात. ओळखायचं तर डबीच्या झाकणाचं रबर बघा, ते ओघळल्यासारखं, मोठं झालेलं दिसतं. मग नुसतं ऑइल बदलून भागत नाही. मास्टर, होज, कॅलिपरची सीलं, मागचे व्हील सिलेंडर, रबर असलेलं सगळं बदलावं लागतं. खर्च मोठा आहे, पण याला आडवाट नाही.

डिस्क फारशी गरम नाही, पण चाकाचा मध्य तापलाय. हाही ब्रेकच का?

नाही, ते बेरिंग. ब्रेकची उष्णता डिस्ककडून आत येते, बेरिंगची हबच्या टोपीकडून बाहेर जाते. टोपी चटका देणारी आणि डिस्क त्या मानाने गार असेल तर बेरिंग जास्त आवळलेलं, ग्रीस संपलेलं किंवा झिजलेलं. पॅडचं किंवा डिस्कचं काम झाल्यावर हब परत बसवताना नट जास्त आवळला गेला, असं होतं. टेपर बेरिंगला नेमका ताण लागतो, आणि तो कसा द्यायचा ते कंपनीच्या पुस्तकाप्रमाणेच करावं. जॅकवर चाक वर-खाली धरून हलवा. खडखड असेल तर सैल, फिरवताना घरघर असेल तर खराब.

डिस्क फार तापली तर ती उष्णता बेरिंगपर्यंत जाते, ग्रीस पातळ होऊन बाहेर येतं. म्हणून ब्रेक जळाल्याच्या प्रत्येक प्रसंगानंतर बेरिंग उघडून पाहावं.

मागचे ब्रेक कमी लागले तर पुढे त्रास होतो का?

होतो. मागच्या ड्रमचे लायनर झिजले, ॲडजस्टर गंजले किंवा व्हील सिलेंडर गळून लायनर तेलकट झाले की थांबवण्याचा भार पुढे येतो. अनेक पिकअपना मागच्या ॲक्सलजवळ वजनानुसार दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व असतो, मिस्त्री त्याला एलएसपीव्ही म्हणतात. त्याचा दांडा वाकला किंवा व्हॉल्व गंजून रिकाम्या गाडीच्या जागेवर अडकला तर भरलेल्या गाडीतही मागे कमी दाब जातो. पाटे वाढवून गाडी उंच केली की या व्हॉल्वला भार कळेनासा होतो. पाटे वाढवणाऱ्यांपैकी फार थोडे जण नंतर त्याची सेटिंग करून घेतात.

कसारा घाट उतरल्यावर दोन्ही चाकांतून वास येतो. हा बिघाड आहे का?

दोन्ही बाजू सारख्या तापल्या आणि पुढे सपाटीवर दहा-पंधरा किलोमीटरमध्ये पूर्ववत झाल्या, तर बिघाड नसावा, चालवण्याची पद्धत बदलायला हवी. इगतपुरीपासून कसाऱ्यापर्यंत उतार सुमारे ३०० मीटरचा आहे. मालासह तीन टनांची गाडी एवढं खाली उतरते तेव्हा साधारण २५ लिटर पाण्याला उकळी आणता येईल इतकी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. गाडी वरच्या गिअरमध्ये सोडलीत तर त्यातला मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कवर जातो.

घाट लागण्याआधीच खालचा गिअर टाका. ज्या गिअरमध्ये गाडी हा घाट चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवा. पाय सतत ब्रेकवर ठेवू नका. वेग वाढला की ठामपणे दाबा, कमी झाला की पूर्ण सोडा, त्या मधल्या वेळात डिस्कला वारा लागतो. न्यूट्रल नाही, इंजिन बंद तर मुळीच नाही. इंजिन बंद झालं की बूस्टरचा व्हॅक्यूम एक-दोन दाबांत संपतो आणि पेडल दगडासारखं होतं.

मोहदरी, राहुड, सप्तशृंगगडाचा नांदुरी घाट, वणीकडून सापुतारा, सगळीकडे हेच लागू. घाट उतरून एकच चाक जास्त तापलेलं असेल तर मात्र वरची तपासणी करा.

समृद्धीवर तर ब्रेक फारसा लागतच नाही. तिथे चाक तापायचं कारण काय?

लागून राहिलेला ब्रेक तिथे जास्त घातक ठरतो. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून लांबचा पल्ला न थांबता होतो. गावातल्या रस्त्यावर गाडी थांबते, चाक गार होतं, चालकाला ओढ जाणवते. एकाच वेगात तासभर चालताना किंचित घासणारा पॅडही थांबल्याशिवाय उष्णता साठवत जातो. समृद्धीला लागण्याआधी आठ-दहा किलोमीटर चालवून, एकदा थांबून चाकांची धग पाहिलीत तर पुढचा प्रवास निर्धास्त होतो.

जास्त माल भरल्याने ब्रेक जाम होतो का?

जाम होत नाही, पण असलेला दोष उघडा पडतो आणि चूक सांभाळून घ्यायला वाव राहत नाही. टोमॅटोचा क्रेट २० किलोचा धरला तर १०० क्रेट म्हणजे दोन टन, क्रेटचं वजन वेगळं. पावणेदोन टनांची गाडी तिथेच क्षमतेबाहेर गेली. शेतकऱ्याला एक खेप वाचवायची असते, भाव कोसळलेला असतो, हे समजतं. पण तो जादा माल घाटात पुढच्या दोन डिस्कनाच थांबवायचा असतो.

टेंपरेचर गन घ्यावी का?

घ्यावी, उपयोगी आहे. फक्त चकचकीत डिस्कवर नेम धरू नका, घासून चमकणारा धातू खऱ्यापेक्षा कमी तापमान दाखवतो. पॅडची कडा, डिस्कचा गंजलेला भाग किंवा हब, आणि दोन्ही चाकांवर तंतोतंत तीच जागा.

डिस्क निळी पडली आहे. बदलायची का?

निळा रंग म्हणजे ती एकदा अतिशय तापून गेली. लेथवर घासून घेण्याआधी जाडी मोजा. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते आणि त्याखाली जायचं नाही. बारीक तडा कडेपर्यंत गेला असेल, किंवा पेडल थरथरत असेल आणि डिस्क मोजल्यावर वाकडी निघाली, तर नवी. जळून चकचकीत, कडक झालेले पॅड मात्र कशाही परिस्थितीत पुन्हा बसवू नका. पॅड आणि डिस्क नेहमी दोन्ही बाजूंची जोडीने बदलायची.

नवे पॅड टाकल्यापासूनच तापतंय.

डिस्क ब्रेकचे पॅड किंचित टेकलेलेच असतात. हाताने जोर देऊन चाक सोडलं की सळसळ करत अर्धा-एक फेरा फिरलं तर ठीक. पहिले काही किलोमीटर नव्या पॅडचा हलका वासही येतो. फिरतच नसेल तर पॅडच्या पट्टीचे कान ब्रॅकेटमध्ये घट्ट बसले आहेत का पाहा. खाचेतला गंज तारेच्या ब्रशने काढला की बहुतेक वेळा पॅड बोटाने सरकतो, आणि तो बोटाने सरकलाच पाहिजे.

पिस्टन मागे ढकलताना निपल उघडून जुनं ऑइल बाहेर सोडावं. ते वर ढकललं तर कॅलिपरमधला गाळ मास्टरकडे आणि एबीएसच्या गाडीत मॉड्युलेटरकडे जातो.

पावसाळ्यात आणि मळ्यातल्या चिखलात काही वेगळी काळजी?

चिखल वाळला की पिनच्या रबरावर आणि हवेशीर डिस्कच्या आतल्या खाचांत बसतो, मग डिस्क थंड होत नाही. मळ्यातून आल्यावर गाडी गार झाली की पाण्याने चाकं आतून धुवा. प्रेशर पंपाची धार थेट रबरांवर मारू नका. पावसाळा संपल्यावर, द्राक्ष हंगामाच्या आधी पिन काढून स्वच्छ करून ग्रीस करून घ्या.

मिस्त्रीला नेमकं काय सांगू?

"ब्रेक जाम होतो" एवढंच सांगू नका. कोणतं चाक, किती किलोमीटरनंतर, माल होता का, ओढ ब्रेक मारताना की नुसती चालताना, गार झाल्यावर सुटतं का, आणि याआधी तिथे काय काम झालं होतं, हे सांगा. शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. ब्रेक लाइटचा स्विच, मास्टर, बूस्टर, पाटे किंवा हबचं काम झाल्यावर त्रास सुरू झाला असेल तर आधी तेच काम पुन्हा तपासायला लावा. आणि जुने काढलेले पार्ट परत मागा.

दुरुस्तीनंतर खात्री कशी करायची?

गॅरेजमध्ये गार चाक फिरवून नाही. आधी रिकामी गाडी त्याच सपाट रस्त्यावर पंधरा-वीस किलोमीटर, मधे पाच-सहा वेळा नेहमीसारखा ब्रेक मारून. मग शेवटचा टप्पा ब्रेक न वापरता, आणि दोन्ही पुढच्या चाकांची धग तपासून. बरोबर असेल तर माल भरून हीच चाचणी पुन्हा, घाट नसलेल्या रस्त्यावर. चाकाचे नट त्यानंतर एकदा तपासून आवळा आणि डबीतल्या ऑइलच्या पातळीवर खूण करून ठेवा. आठवड्याने पातळी खाली गेलेली दिसली तर कुठेतरी गळतंय, गाडी परत न्या.